नारिंगी टोपणाची सिरिंज : एका ऑस्की स्टेशनचं प्रकरण

कोल्हापुरातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात अंतिम वर्षाच्या मेडिसिनच्या अंतर्गत परीक्षेत एक स्टेशन, म्हणजे ठरलेल्या कामाचा एक टप्पा, होतं : नव्याने इन्शुलिन सुरू झालेल्या आजींना ते घरी कसं घ्यायचं हे समजावून सांगा. या स्टेशनवर सगळ्यात जास्त गुण मिळवणाऱ्या मुलाने समजावलं तसं आजींनी घरी जाऊन केलं असतं, तर त्यांना रोज ठरलेल्या मात्रेच्या निम्म्याहून कमी इन्शुलिन मिळालं असतं. ही चूक ज्या मुलीने पकडली ती त्याच स्टेशनवर नापास झाली.

गैरप्रकार झाला नव्हता. परीक्षक लक्ष देऊन बघत होते, चेकलिस्ट सगळ्यांना सारखी होती, वेळ सारखा होता, आजींची भूमिकाही तीच होती. परीक्षा जशी व्हायला हवी म्हणून आपण धडपडतो तशीच झाली आणि निकाल उलटा लागला. म्हणून हे प्रकरण बारकाईने लिहावंसं वाटतं. मी त्या परीक्षेला वैद्यकीय शिक्षण युनिटतर्फे निरीक्षक होतो. विद्यार्थी किंवा अध्यापक ओळखू येतील असे तपशील गाळले आहेत.

परीक्षेची मांडणी

डॉक्टरी पेशाबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. पूर्वापार पद्धतीत विद्यार्थ्याला वॉर्डातला एक पेशंट 'लाँग केस' म्हणून मिळतो. तो तासभर त्याला तपासतो आणि मग परीक्षक प्रश्न विचारतात. कुणाच्या वाट्याला सगळं नीट सांगणारे काका येतात, कुणाच्या वाट्याला ऐकू न येणारे, उपाशी बसून वैतागलेले आजोबा. एका परीक्षकाला हृदयाचे आवाज प्रिय, दुसऱ्याला प्लीहा. निकालात नशिबाचा वाटा मोठा. यावर उपाय म्हणून स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठात रोनाल्ड हार्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1975 मध्ये नवी पद्धत मांडली. एकाच पेशंटऐवजी छोटी छोटी अनेक स्टेशनं, प्रत्येकावर एक ठरलेलं काम, ठरलेला वेळ, आधी लिहून ठेवलेले गुणांचे मुद्दे. घंटा झाली की पुढच्या स्टेशनवर. हीच ऑस्की (ऑब्जेक्टिव्ह स्ट्रक्चर्ड क्लिनिकल एक्झामिनेशन). पेशंटची भूमिका करणारी माणसं, म्हणजे 'प्रमाणित पेशंट', परीक्षेत आणण्याची कल्पना त्याहून जुनी, 1963 ची. अमेरिकेत लॉस एंजेलिसला हॉवर्ड बॅरोज या मेंदूविकारतज्ज्ञाने एका निरोगी बाईला आजाराची लक्षणं शिकवून विद्यार्थ्यांसमोर बसवलं होतं.

आपल्याकडे 2019 पासून एमबीबीएसला क्षमताधारित अभ्यासक्रम आला. स्किल लॅब, लॉगबुक, संवादकौशल्याचे तास आले, आणि अंतर्गत परीक्षांमध्ये ऑस्कीही बऱ्याच ठिकाणी रुळली. तिच्याबद्दल माझ्या मनात आदर आहे. विद्यार्थी पेशंटशी बोलतो कसा, हे प्राध्यापकांनी शांत बसून बघायचं, असा दिवसच तिच्याआधी कॅलेंडरवर नव्हता.

दीडशेची बॅच. दहा स्टेशनं, प्रत्येकी पाच मिनिटं आणि हलायला एक मिनिट. म्हणजे दहा जणांची एक फेरी तासाभराची, आणि फेऱ्या पंधरा. दोन ठिकाणी समांतर चालवलं तरी चार-चार तासांचे दोन दिवस जातात. त्यातही इन्शुलिनच्या खोलीतल्या आजीला एका दिवसात चाळीस वेळा तेच नव्याने ऐकायचं, आणि दर वेळी पहिल्यांदाच ऐकतोय असं ऐकायचं. म्हणून प्रत्येक ठिकाणी दोन बायका आलटून पालटून बसवल्या. चौघीही कोल्हापूरच्या हौशी रंगभूमीवरच्या, राज्य नाट्य स्पर्धेची सवय असलेल्या. कोल्हापुरात अशी माणसं शोधायला फार लांब जावं लागत नाही, हे या गावाचं भाग्य.

दोन कागद, दोन हात

प्रकरणाची मुळं परीक्षेच्या आधीच्या आठवड्यांत आहेत.

आजींची संहिता विभागातल्या एका तरुण अध्यापिकेने लिहिली. ती वॉर्डात रमणारी. तिने राधानगरी तालुक्यातल्या एका गावची बासष्ट वर्षांची बाई उभी केली. साखरेचा आजार दहा वर्षांचा, गोळ्यांनी आता आवरेना, म्हणून तीस-सत्तरचं मिश्र इन्शुलिन सुरू झालेलं. सकाळी 20 युनिट, रात्री 12. मुलगा शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत, पहिली पाळी असली की उजाडायच्या आत घराबाहेर. सून अंगणवाडीत. आजींना मोतीबिंदूची सुरुवात. सोबत कापडी पिशवी, आणि पिशवीत सरकारी दवाखान्यातून मिळालेली 40 युनिटची वायल (इन्शुलिनची छोटी बाटली) आणि गावातल्या मेडिकलमधून आणलेली सिरिंज. नारिंगी टोपणाची.

आणि संहितेत ठळक अक्षरांत एक सूचना : विचारल्याशिवाय यातलं काही सांगायचं नाही. पिशवी मांडीवर ठेवायची. सिरिंज मागितली तर काढून द्यायची.

चेकलिस्ट मात्र दुसऱ्याच हाताने आली. ती बाहेरून मिळालेली, इन्शुलिन समुपदेशनाची तयार यादी होती. वीस मुद्दे, प्रत्येकी एक गुण. नमस्कार केला का, स्वतःची ओळख दिली का, परवानगी घेतली का, इन्शुलिन का सुरू केलं ते सांगितलं का, वायल हलवण्याऐवजी तळहातांमध्ये घोळवायला सांगितली का, टोचण्याच्या जागा बदलायला सांगितल्या का, जेवणाच्या अर्धा तास आधी घ्यायचं हे सांगितलं का, साखर उतरल्याची लक्षणं, साठवण, पायांची काळजी, आहार, सुईची विल्हेवाट, शंका आहेत का ते विचारलं का, आभार मानले का. एकही मुद्दा चूक नाही. तपासायला सोपी म्हणून ती सगळ्यांना आवडली.

हे दोन कागद कधी एका टेबलावर शेजारी ठेवून कुणी वाचलेच नाहीत. संहितेतल्या आजीच्या तीन अडचणी होत्या : रेघा दिसत नाहीत, भरून द्यायला माणूस नाही, सिरिंज चुकीची आहे. चेकलिस्टच्या वीस मुद्द्यांत यातली एकही नव्हती.

खोलीतली पाच-पाच मिनिटं

पहिला मुलगा आत आला तो हसतमुख. नमस्कार, नाव, परवानगी. आवाज स्वच्छ, वाक्यं तयार. टेबलावरची नमुन्याची वायल तळहातात घोळवून दाखवली, पोटावर बोटांनी जागा दाखवल्या, घड्याळाच्या काट्यांसारखं फिरत जायचं म्हणाला. साखर उतरली तर घाम येतो, हात थरथरतात, भूक लागते, अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यातून घ्या. फ्रीज नसेल तर मातीच्या मडक्यात वायल ठेवा. पाय रोज बघा. सगळं बरोबर. अधूनमधून त्याची नजर आजींवरून परीक्षकांच्या पेनाकडे जात होती. शेवटी त्याने विचारलं, "आजी, काही शंका?"

"न्हाई, कळलं की सगळं," आजी म्हणाल्या.

घंटेला अजून वेळ होता. वीसपैकी अठरा.

चेकलिस्टचे मुद्दे सीनियर्सकडून व्हॉट्सॲपवर आलेले असतात, आणि मुलं ते वरच्या आवाजात म्हणायला शिकतात, हे ऑस्की घेणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. हात न धुता 'मी हात धुतले' असं जाहीर करणंही त्यातलंच. मी त्या मुलाला दोष देत नाही. त्याने परीक्षा बरोबर ओळखली होती आणि तिची मनापासून तयारी केली होती.

बऱ्याच फेऱ्यांनंतर ती मुलगी आली. खुर्ची थोडी पुढे ओढून बसली. इन्शुलिन का लागलं ते दोन वाक्यांत सांगितलं आणि थांबून विचारलं, "आजी, घरी सुई कोण भरून देणार?"

"पोराची पयली पाळी असली की कोण न्हाई. मीच भरतो की."

"मग मला भरून दाखवा बघू. तुमच्याकडची सिरिंज आहे का?"

आजींनी पिशवीत हात घातला. सिरिंज काढली. ती डोळ्यांजवळ नेली, मग हात लांब केला, मग खिडकीच्या उजेडाकडे वळवली. "ह्या रेघा व्हय? काय दिसत न्हाईत बघ पोरी."

मुलीने सिरिंज हातात घेतली, रेघा बघितल्या, टोपण बघितलं. मग टेबलावरची वायल उचलून तिच्यावरचं लेबल वाचलं. "आजी, ही कुठून आणली?"

"गावच्या मेडिकलातनं. दवाखान्यातली संपली म्हनून. सुई ती सुईच की."

तिथून पुढचे क्षण तिने याच गोष्टीवर घालवले. या वायलला लाल टोपणाचीच सिरिंज लागते, नारिंगी चालणार नाही, हे तिने आजींच्या शब्दांत सांगितलं आणि आजींकडून दोनदा म्हणवून घेतलं. आज जाताना लाल टोपणाच्या सिरिंज घेऊन जा म्हणाली. मुलाची पाळी बदलते का, शेजारी कुणी शिकलेलं आहे का, गावातल्या आशाताई सकाळी येऊ शकतील का, हे विचारत होती तेवढ्यात घंटा झाली. जागा बदलणं राहिलं. साठवण, पाय, आहार, आभार राहिले. वीसपैकी नऊ. उत्तीर्णतेची रेघ दहावर होती.

परीक्षकांनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. त्यांच्या कागदावर, जे घडलं ते लिहायला जागाच नव्हती.

सिरिंजचं गणित

ही चूक किती मोठी आहे ते आकड्यांतच कळतं, म्हणून थोडं थांबतो.

आपल्याकडे वायलमधलं इन्शुलिन दोन ताकदींत मिळतं. एका मिलिलिटरमध्ये 40 युनिट, किंवा एका मिलिलिटरमध्ये 100 युनिट. सरकारी दवाखान्यांत बहुतेक 40 चं. प्रत्येकाची सिरिंज वेगळी : 40 च्या इन्शुलिनला लाल टोपण, 100 च्या इन्शुलिनला नारिंगी. सिरिंजवरच्या रेघा त्या त्या ताकदीसाठी मोजून आखलेल्या असतात.

40 च्या वायलमधून 20 युनिट घ्यायचे तर अर्धा मिलिलिटर लागतं. लाल टोपणाच्या सिरिंजवर 20 ची रेघ अर्ध्या मिलिलिटरवरच असते. नारिंगी टोपणाच्या सिरिंजवर मात्र 20 ची रेघ 0.2 मिलिलिटरवर असते. आजींनी प्रामाणिकपणे, सांगितल्याबरहुकूम 20 पर्यंत भरलं, तरी शरीरात जाणार 8 युनिट. रात्रीच्या 12 च्या जागी पाचही नाहीत.

पुढचा धोका याहून वाईट. महिन्याने आजी येतात, साखर चढलेलीच. डॉक्टर म्हणतात मात्रा वाढवा. वाढत वाढत 40 वर जाते. नारिंगी सिरिंजवर 40 म्हणजे खरे 16 युनिट, म्हणून साखर अजूनही जेमतेमच. मग एखाद्या दिवशी दवाखान्यातून लाल टोपणाची सिरिंज मिळते. आजी तिच्यावर 40 पर्यंत भरतात आणि या वेळी खरोखरच 40 युनिट आत जातात. सकाळी घरात कुणी नाही, मुलगा पाळीवर, आणि आजी बेशुद्ध.

ताकद उलटी असेल, म्हणजे 100 चं इन्शुलिन आणि लाल टोपणाची सिरिंज, तर पहिल्याच दिवशी अडीच पट मात्रा जाते.

हे अपवादाने घडणारं नाही. साखर आवरत नाही म्हणून आलेल्या पेशंटची मात्रा वाढवण्याआधी त्याची सिरिंज मागून बघा, असं मेडिसिनच्या वॉर्डातल्या जुन्या सिस्टर नव्या इंटर्नला सांगतात. त्या अध्यापिकेनेही संहितेतली पिशवी वॉर्डातूनच उचलली होती.

बैठक

गुणांची यादी लागल्यावर विभागाची बैठक बसली. तिथली चर्चा प्रामाणिक होती, आणि दोन्ही बाजूंना वजन होतं.

चेकलिस्टच्या बाजूने बोलणाऱ्या ज्येष्ठ प्राध्यापकांचं म्हणणं असं : 'मला ही मुलगी आवडली' म्हणून गुण द्यायचे असतील तर आपण पुन्हा लाँग केसच्या जमान्यात जातो. तिथे परीक्षकाच्या आवडीनिवडीने मुलांचं नुकसान झालेलं आपण पाहिलं आहे. उद्या एखादा विद्यार्थी कागद मागेल तेव्हा टिकेल असा हिशेब हवा. चेकलिस्ट तो देते. शिवाय वेळ सांभाळणं हेही कौशल्यच. ओपीडीत पेशंटमागे पाच मिनिटंही मिळत नाहीत. मुलीने एका गोष्टीत वेळ घालवला आणि बाकीचं सोडलं.

यातला पहिला भाग मला मान्य आहे, आणि तो विसरता कामा नये. कडक हिशेबाने सगळ्यात जास्त संरक्षण मिळतं ते ओळखपाळख नसलेल्या, बुजऱ्या, इंग्रजी कच्चं असलेल्या मुलांना.

दुसरा भाग मला पटला नाही. ओपीडीत पाच मिनिटंच आहेत हे खरं, पण म्हणूनच त्या पाच मिनिटांत काय करायचं याची निवड ही डॉक्टरकी आहे. पायांची काळजी पुढच्या भेटीत सांगता येते. चुकीची सिरिंज पुढच्या भेटीपर्यंत थांबत नाही. आपल्या चेकलिस्टवर आभार मानण्याला एक गुण होता आणि मात्रा बरोबर जाते का हे बघण्याला शून्य. ही यादी तयार करताना आपण नकळत सांगून टाकलं होतं की सगळे मुद्दे सारख्या मोलाचे आहेत. मुलांनी ते ऐकलं.

टोरांटोत ब्रायन हॉजेस आणि सहकाऱ्यांनी 1999 मध्ये प्रसिद्ध केलेलं काम बैठकीत कुणीतरी आठवून सांगितलं. मनोविकाराच्या ऑस्कीला त्यांनी विद्यार्थी, निवासी डॉक्टर आणि अनुभवी डॉक्टर असे तीन गट बसवले. चेकलिस्टच्या गुणांत अनुभवी डॉक्टर वर आले नाहीत. जाणकार परीक्षकाने एकंदर काम बघून दिलेल्या श्रेणीत मात्र अनुभव दिसला. अनुभवी माणूस सगळं विचारत नाही, नेमकं विचारतो, आणि टिकमार्कच्या रकान्यात नेमकेपणाला जागा नसते. आमच्या खोलीत तेच घडलं होतं. फरक इतकाच की इथे अनुभवी डॉक्टरसारखं वागणारी बावीस-तेवीस वर्षांची मुलगी होती.

मग प्रश्न आला गुणांचा. तिचे वाढवायचे? एकटीचे वाढवणं अन्याय्य होतं. आणखी किती जणांनी सिरिंज मागितली होती याची नोंदच नव्हती, कारण कागदावर रकाना नव्हता. चित्रीकरण नव्हतं. शेवटी त्या स्टेशनचे गुण सगळ्यांच्याच बेरजेतून वगळले. अठरा मिळवलेल्या मुलाचं त्यात नुकसान झालं आणि त्याने तक्रार केली. ती रास्त होती. विभागप्रमुखांनी त्याला बोलावून सिरिंजचं सगळं गणित समजावलं. तो बराच वेळ वायल आणि सिरिंज हातात घेऊन बघत होता. मग त्याने विचारलं, "सर, वॉर्डात कुणी आम्हाला दोन सिरिंज शेजारी ठेवून दाखवल्याच नाहीत ना?" हे खरं होतं. इन्शुलिन सिस्टर भरतात, मुलं केसपेपर लिहितात.

त्या एका प्रश्नाने पुढच्या टर्मच्या वॉर्डातल्या शिकवण्यात जो बदल झाला, तो परीक्षेतल्या बदलाइतकाच मोलाचा मानतो मी.

चेकलिस्ट पुन्हा लिहिताना

नवी यादी करायला बसलो तेव्हा अध्यापिकेने आग्रह धरला की आजीची भूमिका केलेल्या बाईंना बोलवा. काही जणांना ते विचित्र वाटलं. परीक्षेचा कागद बाहेरच्या माणसापुढे कसा ठेवायचा? ठेवला, आणि त्या तासाभरात जे मिळालं ते आम्हाला एकट्याने सापडलं नसतं.

जुन्या यादीत एक मुद्दा होता : 'पेशंटला समजलं का हे विचारलं.' बाईंनी त्यावर बोट ठेवलं. म्हणाल्या, "डॉक्टर, मी दोन दिवसांत इतक्या पोरांना 'कळलं' म्हणाले, पण त्यातल्या किती जणांचं मला खरंच कळलं होतं? आमच्याकडची बाई डॉक्टरच्या तोंडावर 'नाही कळलं' म्हणतच नाही. तिला वाटतं, त्यांचा वेळ जाईल, ते रागावतील." तो मुद्दा खोडून तिथे लिहिलं : 'पेशंटकडून करून घेतलं.' त्याला चार गुण.

त्या आणखी एक बोलल्या. दुपारनंतर त्यांना मुलांची दया यायची. एखादं पोर अडखळलं की हात आपोआप पिशवीकडे जायचा. म्हणजे सकाळच्या मुलांना जी आजी मिळाली ती दुपारच्या मुलांना मिळाली नव्हती. प्रमाणित पेशंट म्हणजे भूमिका पाठ असणं एवढंच नाही. चाळिसाव्या वेळीही तीच वाक्यं, तोच संकोच, तीच पिशवी घट्ट धरणं हे सांभाळायचं असतं. त्यासाठी तालीम आणि मध्ये विश्रांती लागते, आणि कुणीतरी मधूनमधून येऊन फक्त आजीला तपासायला लागतं, विद्यार्थ्याला नाही. हौशी रंगभूमीवरच्या माणसाला हे लगेच पटतं. प्रयोग पडू द्यायचा नसतो.

वीस मुद्द्यांचे नऊ केले. मात्रा आणि सिरिंज, करून दाखवून घेणं, घरी कोण आहे हे विचारणं, साखर उतरल्यावर काय करायचं, यांना जास्त गुण. स्टेशन पाचऐवजी दहा मिनिटांचं केलं आणि दुसरं एक स्टेशन, ज्यात मुलं क्ष-किरणाचं चित्र बघून उत्तर लिहीत होती, ते लेखी परीक्षेत हलवलं. त्याला जिवंत माणसाची किंवा घंटेची गरजच नव्हती.

चेकलिस्टखेरीज परीक्षकाने एक एकंदर श्रेणी द्यायची ठरलं : नापास, काठावर, उत्तीर्ण, चांगला, उत्कृष्ट. हिचा आणखी एक उपयोग आहे. उत्तीर्णतेची रेघ दहावरच का, या प्रश्नाला आधी कुणाकडेच उत्तर नव्हतं. पन्नास टक्के ही सवय होती. आता ज्या मुलांना परीक्षकांनी 'काठावर' म्हटलं, त्यांचे चेकलिस्टचे गुण कुठे पडतात ते बघून रेघ ओढता येते. स्टेशन अवघड असेल तर रेघ खाली येते, सोपं असेल तर वर जाते. यासाठी खर्च नाही, एक रकाना पुरतो.

आणि आजीसाठी दोन प्रश्न : या डॉक्टरकडे तुम्ही परत याल का? घरी गेल्यावर उद्या सकाळी तुम्ही नेमकं काय करणार, ते सांगाल का? पहिल्याला गुण आहेत. दुसऱ्याचं उत्तर परीक्षक लिहून घेतो आणि ते विद्यार्थ्याला नंतर वाचून दाखवतो. मुलांना सगळ्यात जास्त हलवून टाकणारी गोष्ट हीच ठरली. आपण दहा मिनिटं बोललो आणि आजीकडे त्यातलं काय पोचलं, हे त्यांना यापूर्वी कुणी सांगितलं नव्हतं.

भाषेचा मुद्दाही निघाला. अखिल भारतीय कोट्यातून आलेल्या मुलांना आजींची बोली जड जाते, ती सौम्य करावी का? ती केली नाही. वॉर्डातल्या आजी सौम्य बोलणार नाहीत. त्याऐवजी पहिल्या वर्षाच्या फाउंडेशन कोर्समधले भाषेचे तास वापरून, त्यात 'डोस्कं गरगरतंय', 'हातापायाला मुंग्या', 'गळून गेल्यागत होतंय' अशी वॉर्डातली वाक्यं ऐकवायची ठरलं.

पुढच्या वेळी

पुढच्या बॅचला हे स्टेशन पुन्हा लावलं, तेव्हा जे झालं त्याने आम्हाला आणखी शिकवलं.

बातमी अर्थातच फुटली होती. 'इन्शुलिनचं स्टेशन आलं की सिरिंज मागा, नारिंगी असेल, लाल सांगा' असा निरोप हॉस्टेलभर गेला होता. पण परीक्षेच्या सकाळी अध्यापिकेने पिशवीतली सिरिंज बदलली. या वेळी ती लाल टोपणाची, बरोबर होती. अडचण दुसरीकडे होती : आजी सकाळी इन्शुलिन घेऊन लगेच जनावरांसाठी वैरण आणायला शेतात जायच्या, आणि न्याहारी परत आल्यावर, दोन तासांनी.

बऱ्याच मुलांनी आल्या आल्या सिरिंज मागितली. आजींनी काढून दिली. आणि त्यातल्या काही जणांनी लाल टोपणाची सिरिंज हातात धरून, तिच्याकडे न बघता सांगितलं, "आजी, ही सिरिंज चुकीची आहे."

हे ऐकून काही सहकारी निराश झाले. मला निराश व्हावंसं वाटलं नाही. कुठलाही मुद्दा कागदावर आला की त्याचा मंत्र होतो, हे ऑस्कीबद्दल धरूनच चालायला हवं. करता येण्यासारखं एवढंच की उत्तर दर वेळी वेगळं ठेवायचं आणि ते शोधण्याची रीत तीच राहू द्यायची. सिरिंज मागण्यापाशी जे थांबले त्यांना काहीच मिळालं नाही. ज्यांनी "उद्या सकाळी उठल्यापासून काय काय करता ते सांगा" असं विचारलं, त्यांना वैरण सापडली. त्यांच्यापैकी एकाने सुचवलं की आधी भाकरी-भाजी खाऊन मग शेतात जा, आणि पदराला साखरेची पुडी बांधून ठेवा. आजींनी ते उत्तर घेताना जो चेहरा केला, तो संहितेत लिहिलेला नव्हता.

आता या एका स्टेशनच्या वेगवेगळ्या पिशव्या तयार होत आहेत. एकीत शेजारणीने दिलेलं इन्शुलिन पेन आहे, एकीत उन्हात एसटीत विसरलेली वायल, एकीत दोन सिरिंज एकत्र, एक लाल, एक नारिंगी. एकीत कुणीतरी सांगितलेला काढा आणि त्यामुळे बंद केलेलं इन्शुलिन. त्या लिहायला अध्यापिका, वॉर्डातल्या दोन सिस्टर आणि भूमिका करणाऱ्या बाई एकत्र बसतात. प्रत्येक पिशवीची चेकलिस्ट तिच्याच शेजारी ठेवून लिहायची आणि आधी इंटर्नवर करून बघायची, असा नियम झाला आहे. इंटर्न जिथे अडखळले नाहीत आणि जिथे सगळेच अडखळले, अशा दोन्ही पिशव्या परत दुरुस्तीला जातात.

अडलं आहे ते मानधनात. भूमिका करणाऱ्यांना पैसे द्यायचे तर ते कुठल्या शीर्षाखाली, याचं उत्तर लेखा विभागाला सापडत नाही. व्याख्यात्यांसाठी शीर्ष आहे, रुग्णवाहिकेच्या चालकासाठी आहे, चाळीस वेळा आजारी पडणाऱ्या बाईसाठी नाही. मॅनिकिनसाठी निधी मागितला की मिळतो. बाहू, छाती, बाळाचं डोकं अशा रबरी वस्तू स्किल लॅबच्या कपाटात आहेत, आणि सलाइन लावायला, टाके घालायला त्या हव्यातच. पण 'सुई ती सुईच की' असं म्हणणारी बाई कपाटात ठेवता येत नाही. विभागाने पुढच्या अंदाजपत्रकात 'प्रमाणित रुग्ण मानधन' असं नवं शीर्ष मागितलं आहे, आणि प्रस्तावासोबत लाल आणि नारिंगी अशा दोन सिरिंज जोडून पाठवल्या आहेत.